खाडीच्या नकाशाला तिथी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सत्राच्या उत्तरपत्रिका नुकत्याच तपासून हातावेगळ्या केल्या. ‘भौगोलिक माहिती प्रणालीचे (जीआयएस, म्हणजे ठिकाणांची माहिती संगणकावर नकाशाला जोडण्याची पद्धत) घटक स्पष्ट करा’ या प्रश्नाला बहुतेकांनी हार्डवेअर, सॉफ्टवेअर, डेटा, माणसं आणि पद्धती असे पाचही घटक बिनचूक लिहिले आहेत. मी ठाण्यातल्या एका महाविद्यालयात बरीच वर्षं भूगोल शिकवतो. मार्क द्यावेच लागतात, दिले. पण यांतल्याच एकाने प्रात्यक्षिकाच्या तासाला अक्षांश आणि रेखांशाचे रकाने उलटसुलट भरले होते आणि आपली तलावपाळी थेट नॉर्वेच्या उत्तरेला, समुद्रात जाऊन पडली होती. ठाणे 19.2 उत्तर, 72.97 पूर्व. अदलाबदल केली की 72.97 उत्तर, म्हणजे जवळजवळ ध्रुवाची वाट. सगळा वर्ग हसला आणि त्यानंतर ती चूक कोणी केली नाही. या तासाला मार्क किती? जर्नल पूर्ण असलं तर सही, बस्स.

माझं म्हणणं एवढंच आहे की जीआयएस हा विषय विद्यापीठात व्याख्या म्हणून शिकवला जातो. तो आपल्या गावाचा नकाशा काढून शिकवावा, आणि परीक्षाही त्या नकाशाचीच घ्यावी.

पैशांची सबब आता चालत नाही. एके काळी परवाना असलेलं सॉफ्टवेअर घ्यायचं म्हणजे प्राचार्यांच्या केबिनबाहेर ताटकळायचं. क्यूजीआयएस हे 2002 पासून घडत आलेलं नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची 1972 पासूनची चित्रं 2008 पासून मोफत मिळतात. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं 10 मीटरपर्यंत बारकावा दाखवतात, तीही विनामूल्य. इस्रोचं ‘भुवन’ हे नकाशांचं संकेतस्थळ आहेच. नकाशे करायला पूर्वी ज्या परवानग्या लागत, त्यांतल्या बहुतेक केंद्र सरकारने फेब्रुवारी 2021 मध्ये काढून टाकल्या.

आता खाडीची गोष्ट. तृतीय वर्षाच्या एका गटाने ठाणे खाडी घेतली. 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, नाव आलं, त्यामुळे मुलांना तिचं अप्रूप. त्यांनी दोन वर्षांची दोन उपग्रह चित्रं उतरवली, पाणी आणि चिखल वेगळे रंगवले, क्षेत्रफळ काढलं आणि निष्कर्ष लिहिला : खाडी झपाट्याने आटते आहे. नकाशा देखणा, आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत. असा निबंध एखाद्या परिषदेत सहज खपून गेला असता, आणि खपतातही, हे मी अनुभवाने सांगतो.

गटातली एक मुलगी चेंदणी कोळीवाड्यातली. तिने घरी नकाशा दाखवला तेव्हा तिच्या आजोबांनी एकच विचारलं, “त्या दिवशी तिथी कुठली होती गो?”

कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, चतुर्दशीला साडेदहा. खाडीत आत थोडं मागेपुढे होतं इतकंच. मुलांनी पंचांग काढलं. पहिलं चित्र चतुर्दशीचं, दुसरं अष्टमीचं. सेंटिनेल आपल्यावरून सकाळी साधारण अकराच्या सुमारास जातो. म्हणजे पहिल्या चित्रात खाडी काठोकाठ भरलेली, दुसऱ्यात सहाच्या भरतीला पाच तास उलटल्यामुळे ओहोटी लागून चिखल उघडा पडलेला. खाडी आटली नव्हती, पाणी नेहमीसारखं बाहेर गेलं होतं!

पुढचं तर मलाही सुचलं नव्हतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मोठी भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे मोठी ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाला. फ्लेमिंगो चरतात तो चिखल सर्वांत लांबवर उघडा पडतो तो त्या वेळी. उपग्रह मात्र जेव्हा येणार तेव्हा अकराच्याच सुमाराला येणार. म्हणजे ती मोठी ओहोटी त्याला कधी दिसतच नाही. मग नुसत्या या चित्रांवरून चिखलपट्ट्यांचं क्षेत्रफळ सांगणाऱ्याने किती चिखल मोजलाच नाही? हा खरा संशोधनाचा प्रश्न, आणि तो आला कोळीवाड्याच्या ओट्यावरून. त्या मुलांना मी जे मार्क देऊ शकलो ते सांगायला लाज वाटते.

नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत. ते या कामाला मिळावेत, आणि फक्त भूगोलवाल्यांना नकोत. इतिहासाच्या मुलांनी जुन्या टोपोशीटवरचे (सर्वेक्षण खात्याच्या तपशीलवार नकाशांवरचे) तलाव आजच्या रस्त्यांवर चढवून पाहावेत. अर्थशास्त्राच्या मुलांनी रेशन दुकानं आणि वस्त्या यांतलं चालत जायचं अंतर मोजावं. जीवशास्त्राला तर नवी मुंबईच्या काठचं अख्खं कांदळवन मोकळं पडलं आहे.

अडतं ते माहितीपाशी. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका सार्वजनिक कार्यालयाकडे नाल्यांचा नकाशा मागितला. चौथ्या खेपेला मिळाला : वाकडा स्कॅन केलेली पीडीएफ, घडीची रेघ नेमकी नाल्यावरून गेलेली. मूळ संगणकी फाइल त्यांच्याकडे होती, ती देण्याची ‘पद्धत नाही’. मुलांनी महिनाभर बसून रेघोट्या पुन्हा गिरवल्या. करदात्यांच्या पैशांतून एकदा झालेलं काम विद्यार्थ्यांनी दुसऱ्यांदा फुकट करायचं, याला प्रात्यक्षिक म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

आणि एक मागणं आपल्याकडेही. पावसाळ्यात आपल्या दैनिकात पाणी तुंबल्याच्या बातम्या येतात. ‘नौपाडा परिसरात गुडघाभर पाणी’ एवढ्याने नकाशावर टिंब देता येत नाही. (चिखलवाडीत पाणी तुंबतं याचं नवल निदान नाव ऐकणाऱ्याला तरी वाटू नये.) बातमीदाराने चौकाचं किंवा इमारतीचं नाव आणि घड्याळातली वेळ तेवढी लिहावी. मुलं येत्या जूनपासून अशी कात्रणं नकाशावर चढवणार आहेत. त्या वेळी पाऊस किती होता आणि भरती होती का, हे शेजारच्या रकान्यात. तिथीचा रकाना त्यांनी आधीच आखून ठेवला आहे.

आपला,
एक भूगोल शिक्षक, ठाणे (पश्चिम)