आत्याचे नऊ

लीड्स, रविवार

प्रिय शुभा,

सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. पत्राचे कारण असे की माणसाचे कल्याण कशात असते यावरचा माझा निबंध परीक्षकाच्या शेऱ्यांसह परत आला आहे, आणि त्यात मला काय खुपले ते इथल्या कोणालाही समजावणे कठीण आहे, कारण त्यांच्यापैकी कोणी आत्याला पाहिलेले नाही.

इथले राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय २०११ पासून लोकांना विचारत आले आहे की, आपल्या आयुष्याबद्दल एकंदरीत तुम्ही किती समाधानी आहात, शून्य ते दहा यांमधला एक आकडा सांगा. दिवाळीत वाईला गेले असताना मी तोच प्रश्न आत्याला विचारला. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नऊ लिही. दहा म्हटले की दृष्ट लागते."

निबंधात ती 'क' या अक्षराने वावरते. परीक्षकाचे म्हणणे असे की, शाळा अर्धवट सुटलेली, ऐन तारुण्यात विधवा झालेली आणि भावाच्या संसारात राबलेली बाई जेव्हा नऊ म्हणते, तेव्हा तिने परिस्थितीच्या मापाने आपल्या अपेक्षाच बेतून घेतलेल्या असतात. सबब हा आकडा ग्राह्य नाही. पुरावा म्हणून अर्थातच सिंगूर. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, कलकत्त्याजवळच्या या गावात झालेल्या पाहणीत ४८.५ टक्के विधुरांनी आपली प्रकृती वाईट किंवा बेताची असल्याचे सांगितले, तर विधवांपैकी अवघ्या २.५ टक्के जणींनी. म्हणजे हाल अंगवळणी पडले की तक्रारच उरत नाही, असा त्याचा अर्थ लावतात. अमर्त्य सेन यांनी या आकड्यांकडे लक्ष वेधले, तेव्हापासून आमच्या क्षेत्रात त्यांचा हवाला दिल्यावाचून कोणाचे पान हलत नाही. पण प्रकृतीच्या बाबतीत बाईचे म्हणणे बाजूला ठेवून डॉक्टर तिला तपासू शकतो. प्रश्न जर समाधानाचाच असेल, तर तिला वगळून ते तपासायचे कोणी, आणि कशाने?

एवढे उत्तर मी परीक्षकाला सहज देऊ शकते. अडचण अशी की त्याने उगारलेले हत्यार माझेच आहे. १९९६ मध्ये तत्त्वज्ञ सम्नर यांनी मांडले की आयुष्याबद्दलचे समाधान हेच माणसाचे कल्याण, मात्र ते डोळसपणे आलेले असावे आणि त्यामागचे मन माणसाचे स्वतःचे असावे, बाहेरून घडवलेले नव्हे. त्या 'मात्र'च्या बचावावर माझा प्रबंध झाला, नोकरी लागली आणि बढतीही मिळाली. कागदावर ती अट मला नेहमीच न्याय्य वाटत आली; आत्याला लावून पाहिली की अंगावर काटा येतो.

तू म्हणशील, मग इच्छापूर्तीच्या सिद्धान्ताकडे जा, म्हणजे इच्छा पुऱ्या होणे हेच कल्याण मान. कल्याण कशात, याच्या तीन वाटा तत्त्वज्ञ पार्फिट यांनी १९८४ मध्ये आखून दिल्या: सुख, इच्छापूर्ती आणि वस्तुनिष्ठ चांगल्या गोष्टींची, म्हणजे कोणाला हव्या असोत वा नसोत, चांगल्याच असणाऱ्या गोष्टींची यादी. सुखाच्या वाटेवर तू वसतिगृहातच हक्क सांगितला होतास. तत्त्वज्ञ नोझिक यांच्या त्या काल्पनिक यंत्रात, हवा तो अनुभव देणाऱ्या, कांदाभजी मिळत असतील तर मी जन्मभर बसेन, असे म्हणून तू माझ्याशी अबोला धरला होतास. तुझे म्हणणे चूकच होते, हे पुन्हा एकदा नोंदवते. पण आत्याच्या इच्छा कोणत्या? तिने कधी काही मागितलेच नाही. मला एवढेच आठवते की, वाण्याकडून आलेल्या पुडीचा कागद ती सोडवून, हाताने सरळ करून, ओट्यापाशी उभ्या उभ्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची आणि तेवढ्यात फोडणी करपायची. बाबा चिडत. ज्ञान हे यादीतले पहिले कलम धरले, तर तिच्या वाट्याला त्यातले पुडीच्या कागदाएवढेच आले.

आणि खरी बोच वेगळीच आहे, शुभा. तिचे नऊ आम्हा सर्वांच्या फार सोयीचे होते. ती समाधानी आहे असे धरूनच आईला नोकरी करता आली आणि मला इंग्लंडला येता आले. आज त्या नऊची बाजू मी तिच्यासाठी लढवते आहे की आमच्यासाठी, हे मला ठरवता येत नाही. आणि परीक्षकाचे ऐकून तिचे चार करावेत, तर आयुष्यभर कोणी न विचारलेल्या बाईला एकदा विचारून तेही खोडून टाकल्यासारखे होईल.

चिन्मयला नोकरी लागल्याचे वाचून आनंद झाला. सासूबाईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली का, आणि साताऱ्याच्या बदलीचे काय ठरले, तेही कळव.

एक काम कर. तुझ्याशी ती माझ्यापेक्षा मोकळी बोलते. एखाद्या दुपारी वाईला जा, शून्य-दहाचे नाव काढू नकोस, आणि तिची शाळा नेमकी कशी सुटली ते विचार. ती विषय बदलू लागली तर बदलू दे, पण कोणत्या विषयावर गेली ते लक्षात ठेव. दुरुस्त निबंध महिनाअखेरीस पाठवायचा आहे, तेव्हा पत्र नको, फोनच कर.

तुझी,
मीरा