बरोबर कोण येतंय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात रोजगार मेळाव्याचं मोठं छायाचित्र होतं. मंडप, पताका, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर फायली घेऊन बसलेली मुलं आणि पुढच्या सोफ्यावर पाहुणे. आमच्या वाड्यातला एक मुलगा तिथे जाणार होता. तो का गेला नाही, तेवढं सांगावं म्हणून लिहायला बसले, पण पत्र लांबणार असं दिसतंय.

मुलगा 24 वर्षांचा आहे. जन्मापासून ऐकू येत नाही. मूकबधिरांच्या शाळेतून दहावी केली, पुढे आयटीआयमधून फिटर झाला. वाड्यातल्या पाण्याच्या तीन मोटारी त्यानेच उघडून पुन्हा बसवल्या आहेत, एकीनेही नंतर कुरकुर केलेली नाही. गेल्या पावसाळ्यात त्याने इथे वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात अर्ज केला. अर्जात फोन नंबर लिहावाच लागतो, त्याने घरचा लिहिला. एका दुपारी फोन आला तेव्हा घरात आजी एकटीच होती. आजीचं गुजराती म्हणजे भाजीवाल्यांशी घासाघीस करून जमवलेलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, मुलाला फोन द्या. आजी म्हणाली, "ए सांभळतो नथी." तिला म्हणायचं होतं "एने संभळातुं नथी", त्याला ऐकू येत नाही. पलीकडे पोचलं ते असं की पोरगा कुणाचं ऐकत नाही. "अच्छा" म्हणून त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी आजीने ही गोष्ट हसतच सांगितली. काय झालं ते नातवाने लिहून दाखवल्यावर दोन दिवस ती धड जेवली नाही.

मेळाव्याला जा म्हणून मीच त्याच्या मागे लागले होते. त्याने मोबाइलवर टाइप करून मला दाखवलं: "तिथे माइकवर नाव पुकारतात."

कायदा त्याच्या बाजूला आहे, हे मी त्याला आणि स्वतःलाही अनेकदा ऐकवलंय. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले, सरकारी नोकरीत 4 टक्के आणि सरकारी उच्च शिक्षणसंस्थांत 5 टक्के जागा राखल्या. सगळं खरं. दुपारी दोन वाजता घरचा फोन कोण उचलणार, हे मात्र कुठल्याच कलमात नाही. आता त्याच्या अर्जावर माझा नंबर असतो.

माझ्याबद्दलही सांगते. मी एका सरकारी कचेरीत 31 वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला काढली. कागद अपुरा असला की "उद्या या" म्हणायला एक सेकंद लागतो. किती जणांना म्हटलं असेन, देव जाणे. निवृत्त झाल्यावर शेजारणीबरोबर दाखल्यासाठी बाहेरच्या बाजूला उभी राहिले, तेव्हा कळलं की 'उद्या' म्हणजे एका माणसाची दिवसाची मजुरी असते. तेव्हापासून मंगळवारी नि शुक्रवारी सकाळी आमच्या ओट्यावर टेबल टाकून बसते. लोकांचे फॉर्म भरून देते. त्यातल्या बहुतेकांना फॉर्म भरता येतो, असं माझ्या लक्षात आलंय. ते विचारतात वेगळंच: "मावशी, बरोबर कोणी येईल का?"

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचं उदाहरण घ्या. नववीतून लग्न झालं, आज तिशीच्या आहेत. अंगणवाडीत मदतनीस व्हायचंय, त्याला दहावी लागते. त्यांची समजूत अशी की दहावी करायची तर गणवेशातल्या पोरांच्या बाकावर बसावं लागणार. राष्ट्रीय मुक्त विद्यालय 1989 पासून चालू आहे, तिथे वयाची वरची मर्यादा नाही, माध्यम मराठी घेता येतं, एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, एकेक विषय सुटा सोडवता येतो. हे मलाही माहीत नव्हतं, भाचीने सांगितलं. गणित घ्यावंच लागत नाही, पाच विषय आपण निवडायचे, हे ऐकल्यावर ताई ओट्यावरच बसल्या आणि पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मी विचारलं नाही.

मग नावाचं प्रकरण निघालं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, म्हणजे एल.सी.वर, माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ते एकवेळ समजू शकतं. पण वडोदऱ्यात राहणाऱ्या मराठी बाईच्या नावाला कुठल्या ना कुठल्या कचेरीत 'बेन', म्हणजे गुजरातीतली 'ताई', चिकटतेच. आधारवर 'बेन' आहे, एल.सी.वर नाही, बँकेच्या पासबुकात आहे पण सुटं लिहिलेलं. कॉम्प्युटरच्या लेखी या तीन बायका झाल्या. सोगंदनामा (म्हणजे आपलं प्रतिज्ञापत्र), स्टॅम्प, फोटो, आधारच्या केंद्रावर नंबर लावणं, सर्व्हर बंद, पुन्हा नंबर. पाच फेऱ्या झाल्या. एका फेरीला तीन घरच्या पोळ्या बुडतात, आणि तिसऱ्यांदा बुडाल्यावर एका घराने दुसरी बाई पाहिली. चौथ्या फेरीला मी बरोबर गेले. काही विशेष केलं नाही. रांगेत त्यांची जागा धरली, आणि खिडकीतले भाई "उद्या या" म्हणाले तेव्हा "कोणता कागद कमी आहे ते लिहून द्या" एवढंच म्हटलं. खिडकीच्या आत बसून शिकलेल्या विद्येचा हा उपयोग. ताईंचे मराठी आणि गृहविज्ञान सुटलेत, तीन विषय राहिलेत.

आपल्या गावाला हे सगळं नवं असायला नको होतं. सयाजीराव महाराज 1875 मध्ये नाशिककडच्या कवळाणे गावाहून गादीसाठी इथे आणले गेले तेव्हा 12 वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तसा मुलगा आज एखाद्या शाळेच्या दारात आला तर आधी जन्मदाखला मागतील, मग आधीच्या शाळेचा दाखला, आणि शेवटी वय जास्त झालं म्हणून परत पाठवतील. खानदेशातून मजुरीला आलेल्या एका कुटुंबाच्या मुलीला असंच पाठवलं होतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात स्वच्छ लिहिलंय की 6 ते 14 वयाच्या मुलाला कागद नाही म्हणून अडवता येत नाही, आणि वयाप्रमाणे वर्गात बसवून मागचं वेगळं शिकवायचं असतं. कायद्याच्या त्या पानाची झेरॉक्स घेऊन आम्ही तिघी गेलो, तेव्हा प्रवेश झाला. आई एकटी दोनदा जाऊन आली होती. तीच आई, तीच मुलगी, फक्त आम्ही बरोबर होतो.

महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, 1906 मध्ये ते राज्यभर नेलं, हे आपण भाषणांत सांगतो. मला त्याहून फिरत्या वाचनालयाच्या पेट्या आवडतात. 1910 मध्ये महाराजांनी बोर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेहून बोलावून घेतले आणि मध्यवर्ती ग्रंथालयाचं काम सुरू झालं. त्याच योजनेत लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांत पाठवत. गावकऱ्याने बडोद्याला यावं, ओळखपत्र दाखवावं, अशी अट नव्हती. पेटी त्याच्याकडे जायची.

दुसरी आठवण तितकी गोड नाही. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले आणि 1917 मध्ये ठरल्याप्रमाणे नोकरी करायला इथे आले. शिष्यवृत्ती दरबारची, नोकरी दरबारची. राहायला मात्र गावात एक खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत दुसरं नाव लावून राहावं लागलं, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. कमाटीबागेत ते झाडाखाली बसले होते, ती जागा आता संकल्पभूमी म्हणून आपण जपतो, तिथे फुलं वाहतो. वरून हुकूम निघाला होता, पगारही ठरला होता. खाली गावात त्यांच्या बाजूने उभं राहणारं कोणी नव्हतं. आमच्या ओट्यावर येणाऱ्यांची गोष्ट त्या मानाने फारच लहान, पण प्रकार तोच.

आता मागणी. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत आपल्या मराठी मंडळींची सभागृहं, मंडळांच्या खोल्या, देवळांच्या ओसऱ्या काही कमी नाहीत. गणपतीचे दिवस आणि लग्नाचे मुहूर्त सोडले तर सकाळी त्यांना कुलूप असतं. आठवड्यातून दोन सकाळी एक खोली उघडावी, एक टेबल, एक कॉम्प्युटर, आणि गरज पडली तर कचेरीत बरोबर जाईल असा एक माणूस. निवृत्त माणसांचा आपल्याकडे तुटवडा नाही, सकाळी सुरसागरच्या कडेने चक्कर मारली तर दहा भेटतील. विद्यापीठाची समाजकार्य विद्याशाखा गावातच आहे, तिच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावंच लागतं. खर्च रिक्षाचा आणि झेरॉक्सचा. हे घेऊन मी एका संस्थेच्या विश्वस्तांकडे गेले होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चहा पाजला आणि विचारलं, "लाइट बिल कोण भरणार?" मी म्हटलं, सकाळी दहाला लाइट कशाला लागतो? कॉम्प्युटरला लागतो म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं. कोणी वाचक ते बिल भरायला तयार असेल तर मी पुन्हा जाईन.

आपल्याकडूनही एक हवंय. मुक्त विद्यालयाचे प्रवेश कधी सुरू, आयटीआयची पहिली फेरी कधी, शिक्षण हक्क कायद्यातल्या खासगी शाळांच्या 25 टक्के जागांचे अर्ज कधी उघडतात, अपंगत्वाच्या कार्डाची तपासणी कुठल्या वारी, एवढी चार ओळींची चौकट आठवड्यातून एकदा छापा. राशिभविष्याच्या शेजारी छापलीत तरी चालेल, तिथे सगळ्यांची नजर जाते. तारखा गोळा करून मी पाठवीन.

त्या मुलाला अजून नोकरी नाही. मंगळवारी तो माझ्या टेबलाशी बसतो. लोकांचे फोटो आणि सह्या स्कॅन करून साइट मागेल तेवढ्या केबीत बसवून देतो, मला ते कधीच जमलं नाही. काही विचारायचं असेल तर त्याच्यासमोर वही असते, तिच्यात लिहा.

आपली,
एक निवृत्त कर्मचारी
दांडिया बाजार, वडोदरा