दसऱ्याशिवाय फूल नाही

पुणे,
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. आई आणि ती. बाबा यांना शि. सा. नमस्कार.

आई, तुझ्या वालघेवड्याला तुरे आले! काल रात्री आटवलेलं दूध घेऊन गच्चीवर गेलो, तेव्हा टाकीवर चढलेल्या वेलात पांढरं पांढरं दिसलं. मला आधी चांदणंच वाटलं. आषाढात बी टोचलं, भाद्रपदात पानं तळहाताएवढी झाली, पण फूल एक नाही. मी शेणखत वाढवायला निघाले होते. तू फोनवर म्हणालीस, "दसऱ्याशिवाय त्याला फूल नाही, धीर धर." खरंच आहे तुझं. हा वेल दिवस लहान होण्याची वाट बघत असतो. जूनमध्ये आपल्याकडे दिवस 13 तासांहून मोठा, ऑक्टोबरात तो 12 च्या खाली उतरतो, मग याला फुलायचं सुचतं. मी खत घातलं असतं तर नुसता पाला माजला असता.

कोथिंबिरीनं मात्र रडवलं. घटस्थापनेला घरातल्या घटासोबत वरही धने पेरले, तिसऱ्या दिवशी परतीच्या पावसानं सगळं धुऊन कोपऱ्यात नेलं. ललितापंचमीला पुन्हा पेरले. या वेळी तुझ्यासारखे चपलेखाली रगडून दोन फाकी केल्या आणि रात्रभर भिजत घातल्या. एका धन्यात दोन बिया असतात हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं, मी नुसतं तुझं बघून करायचे. दहाव्या दिवशी, म्हणजे काल, कोंब वर आले. दोन लांबट पानं, आणि एकाच्या टोकाला धन्याचं टरफल अजून टोपीसारखं अडकलेलं. मी हात लावला नाही. मेथीचं काही सांगायला नको, दसऱ्याला पेरली आणि चौथ्या दिवशी हजर.

बाबा, तुम्हाला विचारायचं होतं. घेवड्याच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा आलाय, मुंगळ्यांची रांग लागलीय, खालची पानं चिकट झालीत. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारते. पण एका शेंड्यावर ढालकिडे मावा खाताना दिसले, तो शेंडा तसाच सोडलाय. बरोबर केलं ना? तुम्ही सकाळच्या दवावर राख उधळायचात, इथे चुलीची राख कुठून आणू?

आता मनातलं लिहिते. गेल्या रविवारी तुम्ही म्हणालात, "आता माझ्याच्यानं वाफा होत नाही, परसात गवत माजलंय." फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. तुमच्या परसात गवत ही गोष्ट मी जन्मात पाहिलेली नाही. दुसऱ्या दिवशी वेल्डरकडे जाऊन लोखंडी स्टँड करायला टाकला. अडीच फूट उंच, त्यावर चार बाय दोनचा वाफा. गच्चीवर भार नको म्हणून तळाला रसवंतीवरची चिपाडं आणि पालापाचोळा, वर शेणखत आणि थोडीच माती. समोर खुर्ची ठेवली की गुडघे न वाकवता हात थेट मातीत जातो. मी बसून पाहिलंय.

लेकीच्या घरी चार दिवसांच्या वर राहायचं नाही, हे तुमचं मला ठाऊक आहे. यांनाही ठाऊक आहे, म्हणून त्यांनीच सांगितलंय की या वेळी महिनाभराचं सामान घेऊन यायला लिही. शेत यंदा वाट्यानं दिलंय, कापणीला तुम्ही उभं राहायलाच हवं असं नाही. भोरहून सकाळची गाडी धरा, स्वारगेटला मी उभी असेन. आई, तू नुसती बसून सांग, घेवडा खुडायचं काम नातीकडे दिलंय.

तो उंच वाफा मी मुद्दाम रिकामा ठेवलाय. वाटाणा टोचायला नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा चालेल, त्यानंतर उशीर होईल. येताना तुमचं खुरपं आणा बाबा, इथल्या खुरप्यांना धार टिकत नाही.

तुमची लेक