एफडी मोडू नका, दाखला शोधा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादाच्या चिऊच्या इंजिनीअरिंगसाठी एफडी मोडायचं तुम्ही ठरवलंय, हे वहिनीकडून कळलं. फोनवर आपला वाद होतो आणि मुद्दा बाजूला राहतो, म्हणून लिहून कळवते. बाबा, ते पैसे आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेत. त्यांना हात लावू नका.

कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं टेबल माझ्याकडेच आहे, त्यामुळे हे ऐकीव नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आधी निम्मी होती. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. दादाचा रबाळ्याच्या कंपनीतला पगार आणि वहिनीचं शिवणकाम धरूनही आपण खूप आत आहोत. खाजगी कॉलेजातही ही माफी मिळते, पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली, किंवा अभिमत विद्यापीठात गेली, की माफी नाही. तुम्ही दादाला म्हणालात ना, की पैसे आम्ही देतो, कोट्यातून चांगलं कॉलेज घ्या? तसं केलं तर चारही वर्षांची पूर्ण फी आपल्या अंगावर येईल.

डेव्हलपमेंट फी, पुस्तकं, लॅपटॉप, ट्रेनचा पास हे राहतंच. ते दादा आणि मी बघू. घणसोलीहून ये-जा करता येईल असंच कॉलेज आधी भरायचं, म्हणजे होस्टेलचा खर्च नाही. तरी कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज आहे. ४ लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही आणि हप्ते साधारण कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. सहकर्जदार दादा राहील, तुम्ही नाही.

बाबा, सरकारचं घेऊन शिकायचं, हे तुम्हाला पटत नाही हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही स्वतः साताऱ्याला शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’मध्ये शिकलात. पहाटे शेतावर राबायचं आणि मग वर्गात जाऊन बसायचं. कर्मवीर अण्णांनी ती सोय केली नसती तर तुम्ही मास्तर झाला असतात का? त्याला तुम्ही कधी उपकार म्हटलं नाहीत, अभिमानानेच सांगत आलात. चिऊसुद्धा अभ्यास करून, सीईटी देऊनच जागा मिळवणार आहे.

या कामात माणसं अडतात ती कागदांवर. मागच्या वर्षी एक मुलगी वडिलांना घेऊन आली होती. अर्ज मंजूर होऊनही पैसे आले नाहीत म्हणून त्यांनी बायकोची पाटली गहाण टाकली होती. बघितलं तर आधार तिच्या शाळेतल्या जुन्या खात्याला जोडलेलं, आणि शिष्यवृत्ती त्या खात्यात कधीचीच जमा झालेली. पासबुक भरून आणलं तेव्हा ते गृहस्थ माझ्या टेबलासमोर नुसते उभे राहिले. चिऊचं खातं मी आत्ताच तपासून घेतलंय.

आता तुमच्याकडून काय हवंय ते सांगते. ओबीसीची जागा आणि सवलत घ्यायची तर चिऊचं जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला समितीने तपासून खरा ठरवल्याचा कागद लागेल. ती बारावी सायन्सला आहे, तेव्हा अर्ज कॉलेजमार्फत आत्ताच करता येतो. जूनमध्ये धावाधाव नको. ओबीसीसाठी जातीचा पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा असला की काम सोपं होतं. बाबा, तुमचं नाव पहिलीत १९६१ ला घातलंय, म्हणजे आपल्या घरातला सगळ्यात भक्कम कागद तुमचाच. ट्रंकेतला शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा आणि शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा (मुलांची नावं घातल्या-काढल्याच्या नोंदवहीचा) उतारा सही-शिक्क्यानिशी घ्या. आबा शाळेत गेले नव्हते, पण तहसीलमध्ये गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे गावाच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, त्यांच्या मुलांच्या जन्मनोंदी असतील, त्यात जात लिहिलेली असते. नक्कल मागा. अक्षर मोडी असेल तर तसंच आणा, लिप्यंतर करून घेऊ. नावाच्या स्पेलिंगमध्ये किंवा आडनावात कुठे फरक दिसला तर लगेच फोन करा, त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागेल.

आई, तू डॉक्टरांकडून ऑपरेशनची तारीख घे. परीक्षेचे फॉर्म संपले की मी रजा टाकून येते, तेव्हा कागदही घेऊन जाईन.

तुमची लेक
कळवा, ठाणे