पावसाचा हिशोब मुलांच्या हाती देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

तुमचं नाव कुठे घ्यायचं नाही, अशी तुमची अट. ती पाळते. आभार मात्र चारचौघांत मानणार आहे. तुम्ही आमच्या मुलांसाठी जे केलंत, ते माण तालुक्यातल्या एका हायस्कूलपुरतं राहू नये असं मला मनापासून वाटतं.

नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आला, तेव्हा तो माझ्याकडे आला. श्रेणीचा विषय, म्हणजे प्रकल्पाच्या वह्या भरून घेतल्या की झालं, असा समज बऱ्याच ठिकाणी असतो. घोषवाक्यं लिहायची, प्रभातफेरी काढायची, नळ गळतोय असं चित्र काढायचं. पण टँकर आला की हंडा घेऊन धावणाऱ्या मुलीला ‘पाणी जपून वापरा’ हे आपण काय शिकवणार? माणदेशातल्या पोरांना पाण्याची किंमत जन्मापासून ठाऊक असते. आपल्या शिवारावर पडलेलं पाणी जातं कुठे, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत सगळी नोकरी काढून तुम्ही निवृत्त झाला होतात. एका पालकांच्या ओळखीने मी फोन केला आणि तुम्ही एसटीने आलात, मानधनाचा विषयही काढू दिला नाहीत. फळ्यावर पहिल्यांदा जे लिहिलंत, ते अजून पोरांच्या तोंडी आहे. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी. समजा गाव १००० हेक्टरचं आणि वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटर, तर किती? पोरांनी शून्यं मोजली, पुन्हा मोजली. ४०० कोटी लिटर! मग तुम्ही दुसरं गणित घातलंत. २००० माणसं, माणशी रोजचं ५५ लिटर, वर्षाचं किती? चार कोटींच्या आसपास. म्हणजे पडलेल्या पाण्याचा जेमतेम शंभरावा हिस्सा पिण्याला लागतो. वर्गात कुजबुज सुरू झाली आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “मग सर, टँकर का येतो?”

वर्षभराचा अभ्यासक्रम त्या एका प्रश्नात होता. उत्तर तुम्ही लगेच दिलं नाहीत, याबद्दल तुमचे वेगळे आभार.

दुसऱ्या खेपेला तुम्ही वर्ग विहिरीवर नेलात. बिनबांधणीची, पायऱ्यांची जुनी विहीर. वरून खाली बोट दाखवत एकेक थर वाचून दाखवलात: वर हातभर माती, मग मुरूम, मग फुटीर खडक, दोन लाव्हाथरांच्या मधली लाल मातीची पट्टी आणि खाली घट्ट काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा, महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच्यावरच बसलाय. पाणी राहतं ते मुरमात आणि फटींमध्ये. घट्ट पाषाणात त्याला जागा नाही, म्हणून पावसाचा दहावा हिस्सा, कित्येकदा त्याहूनही कमी, जमिनीत मुरतो. बाकीचं उडून जातं, पिकं पितात, ओढ्याने वाहून जातं. पोरांनी झरे शोधले ते नेमके मुरूम आणि कातळाच्या सांध्यावर सापडले. उतारावरचं पाणी अडवून मुरवण्यासाठी डोंगरावर एका पातळीत खणलेले सलग समतल चर त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळले. रोज गुरं घेऊन त्यांच्यावरून जाणारी ही पोरं, पण ते चर कशासाठी खणलेत हे त्यांना माहीत नव्हतं.

बोअरचा विषय तुम्ही जपून काढलात, कारण जवळजवळ प्रत्येकाच्या रानात बोअर होतं. ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला आपल्या राज्याच्या भूजल कायद्यात बंधन आहे, हे मुलांना ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर गावातल्या मोठ्यांनाही नव्हतं. खोल फटींमधलं पाणी वर्षानुवर्षं साठलेलं असतं, ते उपसणं सोपं आणि भरून निघणं फार अवघड, एवढंच तुम्ही सांगितलंत. कुणाच्या बापाला दोष दिला नाहीत.

मग कामं वाटून दिलीत. बाटली कापून केलेला पर्जन्यमापक आधी, पंचायतीचा खरा नंतर. सकाळी साडेआठची नोंद, हवामान खातं घेतं तीच वेळ. पाण्याची पातळी मोजायला ठरवलेल्या विहिरींच्या काठावर तेलरंगाची खूण, टेपच्या टोकाला वजन, आणि कठड्याची उंची वजा करायला विसरायचं नाही. तुमची यंत्रणा वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, निरीक्षण विहिरी मोजते. आमची पोरंही त्याच महिन्यांत मोजतात. दिवाळीच्या सुट्टीत पर्जन्यमापकाकडे कोण बघणार, असा प्रश्न आला तेव्हा मेंढरं राखणाऱ्या एका मुलाने आपण होऊन ते काम घेतलं. त्याचं अक्षर वाईट आहे, पण नोंद एकही चुकलेली नाही.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो तुमचा नायगावचा तास. १९७२ च्या दुष्काळात कामावर खडी फोडणारी माणसं बघून पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात आले आणि तिथल्या नायगावच्या माळावर त्यांनी पाणी अडवून दाखवलं, हे मला ठाऊक होतं. त्यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीचे पाणीवाटपाचे नियम मात्र तुमच्याकडून नीट कळले. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात; माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर भिजेल एवढं. ऊस नाही. आणि ज्याला जमीन नाही, त्यालाही पाण्यात वाटा. तुम्ही हे बोलत असताना नेहमी गप्प असणारी एक मुलगी उठली. “सर, आमाला रान न्हाई. तरी आमचा वाटा असतुया?” तुम्ही म्हणालात, “असायला हवा, आणि तो तू मागायला हवास.” त्यानंतर त्या मुलीने हिशोबाची वही दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मुलं घरोघर बोअरची खोली आणि पिकांचं क्षेत्र विचारू लागली, तशी कुरबुर सुरू झाली. पोरांना शिकवता की आमच्या मागं लावता, असं मला तोंडावर विचारलं गेलं. तुम्ही तेव्हा खास त्यासाठी आलात, संध्याकाळी देवळात बसलात आणि माणसांचं ऐकून घेतलंत. मग त्यांच्यातल्याच एका जाणत्या शेतकऱ्याला विचारलंत, पाटाने भिजवलेल्या हेक्टरभर उसाला वर्षाला किती पाणी जातं? त्यांनी स्वतःच्या मोटारीच्या तासांवरून हिशोब केला आणि आकडा दोन कोटी लिटरच्या पुढे गेला. दोन हेक्टर ऊस म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी. हे तुम्ही बोलला नाहीत, ते स्वतः बोलले. एवढा संयम मी आमच्या शिक्षकी पेशातही क्वचित पाहिलाय.

परतीचा पाऊस ओसरल्यावर मुलांनी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद वाचला. हिवरे बाजारात तो दरवर्षी मांडतात. आधी माणसं, मग जनावरं, मग उरेल त्यातून पिकं, हा त्यांचाच क्रम तुम्ही मुलांना घालून दिला होता. वाचायला तीच मुलगी उभी राहिली. पाऊस किती, मुरलं किती, प्यायला किती, रब्बीला उरतं किती, सगळं तिने न अडखळता सांगितलं. सभेत दोन बाजू पडल्या आणि वाद झाला. झाला ते बरं झालं, सर, कारण तो वाद अंदाजांवर नव्हता, वहीतल्या आकड्यांवर होता. सगळ्यांनी ऐकलं असं म्हणणार नाही. पण काहींनी ज्वारी-हरभऱ्यावर राहायचं ठरवलं, आणि ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारा घातला तेव्हा पालकही मुलांबरोबर उतरले.

इतकी वर्षं मी विज्ञान शिकवते. परीक्षेच्या बाहेर विज्ञानाचं काय होतं, हे मुलांना दाखवण्याची माझी फार इच्छा होती, वाट मात्र सापडत नव्हती. ती तुम्ही दाखवलीत. या मुलांना तुम्ही मोजायला शिकवलंत, आणि मोजलेलं मोठ्या माणसांसमोर मान वर करून सांगायला शिकवलंत. याचे आभार शब्दांत मानता येतात तेवढे मानते आहे.

आता खबर. वहीची एक प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि एक ग्रामपंचायतीत ठेवलीय. यंदाच्या दहावीने नववीला टेप धरायला शिकवलंय. जानेवारीची नोंद झाली. दोन विहिरींचे आकडे आपसांत जुळत नाहीत, त्यांच्या मधून डाईक, म्हणजे खडकात उभी घुसलेली पाषाणाची भिंत, गेला असावा असा मुलांचा तर्क आहे आणि तो बरोबर की चूक यावर वर्गात जोरात भांडण चाललंय. मार्चच्या नोंदीला तुम्ही यावं, अशी सगळ्यांची मागणी आहे. एसटी दुपारी पोचते. मुलं फाट्यावर घ्यायला येतील. या वेळी काकूंनाही घेऊन या.

आपली कृतज्ञ,
जलसुरक्षा शिकवणारी विज्ञान शिक्षिका,
ता. माण, जि. सातारा