जैतापूरचा हिशेब आधी मांडा

जैतापूरला प्रत्येकी १७३० मेगावॉटच्या सहा ईपीआर (फ्रेंच बनावटीच्या, दाबाखालच्या पाण्याने थंड होणाऱ्या) अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. याच जातीची फ्रान्समधली फ्लामांव्हिल अणुभट्टी २००७ मध्ये बांधायला घेतली, तेव्हा खर्च ३.३ अब्ज युरो धरला होता. ती ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि खर्च झाला चौपट! अशा प्रकल्पांत बहुतेक पैसा वीज मिळण्यापूर्वीच ओतावा लागतो. त्यामुळे रखडलेल्या प्रत्येक वर्षाचे व्याज शेवटी युनिटच्या दरात येऊन बसते. कार्बन कमी व्हावा, असे मलाही मनापासून वाटते. पण उशीर झाला तर भुर्दंड कोणी सोसायचा, वीजग्राहकाने की बांधणाऱ्या कंपनीने, हे करारावर सही होण्याआधी आकड्यांनिशी जाहीर करा. आमच्या राजापूर तालुक्यातली जमीन संपादित होऊन तर तप उलटले.

– एक वाचक, राजापूर