छेत्रीचा भर ओसरला होता, हे वेळेवर का बोललो नाही?

महोदय,

सुनील छेत्रीने दुसऱ्यांदा आंतरराष्ट्रीय फुटबॉलला रामराम ठोकला, तेव्हापासून आपल्या 'वाचकांची पत्रे' या सदरात दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे, चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आघाडीवर खेळवले म्हणूनच आपला आशिया चषक हुकला. दुसऱ्या तटाला वाटते की छेत्रीविरुद्ध अवाक्षर काढणारा प्रत्येक जण कृतघ्न आहे. मला दोन्ही पटत नाहीत. राष्ट्रीय संघाचा मुख्य स्ट्रायकर, म्हणजे आघाडीवर राहून गोल करणारा खेळाडू, म्हणून छेत्रीचा भर ओसरला होता, हे माझे स्पष्ट मत आहे. ते उघडपणे बोलण्यात त्याचा कसलाही अपमान नाही. संताप येतो तो ज्यांनी त्याला परत बोलावले त्यांचा.

आधी भर कशाला म्हणायचे ते सांगतो. जून २०१८ मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर इंटरकॉन्टिनेंटल चषक झाला. चायनीज तैपेईविरुद्ध छेत्रीने हॅटट्रिक केली, भारत ५-० असा जिंकला, आणि ते पाहायला जेमतेम अडीच हजार लोक होते. त्यानंतर त्याने व्हिडिओतून लोकांना हात जोडून विनवले: शिव्या घाला, टीका करा, पण मैदानावर या. पुढच्या केनियाविरुद्धच्या सामन्याला, त्याच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात स्टेडियम खचाखच भरले. अंतिम सामन्यात पुन्हा केनियाच समोर होता. एकोणतिसाव्या मिनिटाला आपला बचावपटू अनस एडाथोडिकाने मागून लांब चेंडू टाकला. छेत्री दोन बचावपटूंच्या मधून निसटला, धावता धावता चेंडू छातीवर घेतला, जमिनीवर पडू दिला आणि डाव्या पायाने गोलरक्षकाच्या बाजूने आत सारला. उजव्या पायाच्या माणसाने डाव्या पायाने मारलेला गोल! हा गोल मी आजही मुलांना दाखवतो, कारण स्ट्रायकरचे सगळे काम त्या तीन-चार सेकंदांत आहे. चेंडू सुटायच्या आधी पाय सुटले पाहिजेत. बचावपटूच्या खांद्यामागून पळायचे, पण ऑफसाइड व्हायचे नाही. आणि चेंडू अंगावर आला की पहिल्याच स्पर्शात तो आपल्याला हव्या त्या जागी पडला पाहिजे. तेव्हा छेत्री तेहतीस वर्षांचा होता.

वय वाढते तसे यातले आधी काय जाते? डोके जात नाही, पायातली नजाकतही जात नाही. जातात ती पहिली दोन पावले. पळण्याचा एकूण वेग टिकलेला दिसतो, दमही टिकतो, पण जागच्या जागी उभे राहून एकदम सुटण्याची ती ठिणगी विझते. मग अनसच्या त्या चेंडूवर बचावपटू आधी पोहोचतो. छेत्रीसारखा शहाणा खेळाडू यावर उपाय काढतो. तो मधून पळणे कमी करतो, गोलच्या लांबच्या खांबाजवळ वाट पाहतो आणि क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू, आला की बचावपटूच्या पाठीमागून उडी घेतो. त्याची उंची पाच फूट सात इंच. एवढ्या उंचीचा माणूस सहा फुटी बचावपटूंच्या डोक्यावरून हेडर मारतो, ते उडीच्या वेळेच्या अचूक अंदाजामुळे. हा अंदाज चाळिशीतही त्याच्याकडे होता. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने ९५ वा गोल केला, तो लिस्टन कोलासोच्या क्रॉसवर, डोक्यानेच. (त्याच सामन्यात पहिला गोल करणारा राहुल भेके हा आपल्या मुंबईचा, हे मराठी वाचकांना सांगावेसे वाटते.)

आता दुसऱ्या तटाचा मुख्य मुद्दा. ते म्हणतात, २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) छेत्रीने १४ गोल केले, एवढे दुसऱ्या कुठल्याही भारतीयाने केले नाहीत. डिसेंबरमध्ये केरळ ब्लास्टर्सविरुद्ध हॅटट्रिक केली आणि स्पर्धेतला सर्वांत वयस्क हॅटट्रिकवीर ठरला. मग तो संपला कसा? आकडे खरे आहेत आणि मला त्यांचे मनापासून कौतुक आहे. पण क्लबमध्ये त्याच्या आजूबाजूला रोज एकत्र सराव करणारे दहा जण असतात. चेंडू कुठे हवा, कधी हवा, हे त्यांना पाठ असते. प्रशिक्षक त्याची मिनिटे मोजून वापरतो, कधी अकरात घेतो, कधी उत्तरार्धात आणतो. राष्ट्रीय संघात चार दिवसांचे शिबिर, नवी माणसे, बसची वाट पाहावी तशी क्रॉसची वाट पाहणे, आणि समोर घट्ट बचाव करून बसलेला बांगलादेश किंवा हाँगकाँग. तिथे स्ट्रायकरने स्वतःच जागा तयार करावी लागते, आणि ते काम पहिल्या दोन पावलांचे आहे. मालदीवनंतर आठवड्याच्या आत, आशिया चषकाच्या पात्रता फेरीत, त्याच शिलाँगमध्ये बांगलादेशशी ०-० बरोबरी झाली. जूनमध्ये हाँगकाँगने भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर आपल्याला हरवले. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरला दहा जणांनिशी खेळताना रहीम अलीने नव्वदाव्या मिनिटाला गोल करून १-१ अशी अब्रू राखली, आणि पाचच दिवसांनी गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, छांगतेने आघाडी मिळवून दिल्यावरही आपण त्याच सिंगापूरकडून १-२ हरलो. चार सामने, दोन गुण, दोन गोल, आणि त्या दोनांत छेत्रीचा एकही नाही. २०२७ च्या आशिया चषकाचा दरवाजा तिथेच बंद झाला.

उदाहरण म्हणून रॉजर मिला याचे नाव एका पत्रात आले होते. ते उदाहरण मला फार आवडले, कारण ते नेमके माझ्या बाजूचे आहे. मिलाही निवृत्त झाला होता. कॅमेरूनच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला परत यायला लावले. १९९० च्या विश्वचषकात, अडतिसाव्या वर्षी, त्याने चार गोल केले. पण ते चारही गोल बदली खेळाडू म्हणून उतरल्यावर केलेले आहेत. समोरचे बचावपटू तासभर पळून थकले की हा ताज्या पायांनी यायचा. कॅमेरूनने त्याच्यावर संघ उभा केला नव्हता, संघ उभा होता आणि मग त्याला त्यात जागा दिली होती. आपण उलटे केले.

आणि आपण उलटे केले ते का? ६ जून २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर कुवेतशी ०-० अशी बरोबरी झाली आणि छेत्री थांबला. १५१ सामने, ९४ गोल. आंतरराष्ट्रीय गोलांत, तेव्हा खेळत असलेल्या खेळाडूंत रोनाल्डो आणि मेस्सीनंतर जगात तिसरा. तो काही अचानक गेला नव्हता, तीन आठवडे आधी सांगून गेला होता. खरे तर त्याच वर्षी जानेवारीत कतारमधल्या आशिया चषकात तिन्ही सामने हरताना आपल्याला एकसुद्धा गोल करता आला नव्हता. धोक्याची घंटा याहून मोठ्याने कशी वाजायची? पुढे मानोलो मार्केझ भारताचे प्रशिक्षक झाले, २०२४ चे अख्खे वर्ष एकही विजय न मिळवता सरले, आणि मार्च २०२५ मध्ये उत्तर म्हणून पुन्हा छेत्रीलाच हाक मारली गेली. त्याने होकार दिला. वीस वर्षे ज्याने देशाच्या हाकेला कधी नकार दिला नाही तो आता देईल, अशी अपेक्षा कोणी कशी करावी? नकार भारतीय फुटबॉल महासंघाने स्वतःला द्यायला हवा होता. मानोलो गेल्यावर खालिद जमील आले. मुंबईच्या मैदानांवर खेळलेला, आयझॉलला आय-लीग जिंकून दिलेला हा माणूस. त्यांनी पहिल्या स्पर्धेसाठी छेत्रीला वगळले तेव्हा मला बरे वाटले होते, पण ऑक्टोबरात सिंगापूरसाठी तेही त्याच दाराशी गेले. दोन वेगळ्या वृत्तीचे प्रशिक्षक एकाच एक्केचाळीस वर्षांच्या माणसाकडे वळतात, तेव्हा दोष त्या दोघांपुरता राहत नाही.

पहिल्या तटाच्या मित्रांनी नोव्हेंबरातला ढाक्याचा सामना आठवावा. त्यात छेत्री नव्हता. बांगलादेशने अकराव्या मिनिटाला गोल केला, आणि उरलेल्या सगळ्या वेळात आपल्याला बरोबरीचा एक गोल सापडला नाही. २००३ नंतर पहिल्यांदाच आपण त्यांच्याकडून हरलो. म्हणजे छेत्री असताना गोल होत नव्हते आणि नसतानाही होत नाहीत.

माझ्या मते या साऱ्याचे मूळ आयएसएलमध्ये आहे. ही स्पर्धा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा अकरात सहा परदेशी खेळत. ती संख्या पुढे पाच झाली, मग चार. पण चारांत एक तर हमखास स्ट्रायकर असतो. गोल करणारा विकत आणायचा आणि भारतीय मुलाने कडेने पळून त्याला चेंडू पुरवायचा, ही रीतच पडून गेली. पहिल्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट एकाही भारतीयाला मिळालेला नाही. अगदी छेत्रीलासुद्धा नाही! मनवीर सिंग मोहन बागानकडून उजव्या कडेला खेळतो आणि भारताकडून खेळताना त्याला मध्ये उभे करतात. शनिवारी एक काम आणि मंगळवारी दुसरे, असे कोणाला जमणार?

आम्हा कोल्हापूरकरांना तर हे फार जवळून दिसले आहे. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा आपल्या अनिकेत जाधवला आघाडीवर खेळताना पाहून पेठापेठांत आनंद झाला होता. मंगळवार पेठेपासून शिवाजी पेठेपर्यंत सगळ्यांनी ते सामने टीव्हीला चिकटून पाहिले. पुढे आयएसएलमध्ये तो बहुतेक वेळा कडेने खेळताना दिसला. तो चांगलाच खेळला, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या संघातल्या पोराला आठ-दहा वर्षे मध्ये खेळवले असते, चुकू दिले असते, गोल हुकले तरी पुढच्या सामन्यात पुन्हा उतरवले असते, तर आज काय झाले असते, हा प्रश्न मला सोडत नाही. शाहू स्टेडियमवरच्या आमच्या तालमींच्या संघांनीही स्वतःकडे पाहावे. पाटाकडील असो, दिलबहार असो की आणखी कोणी, गोल हवा असला की आपणही परगावचा, परदेशातला स्ट्रायकर आणतो. पेठेतला सोळा वर्षांचा पोरगा राखीव बाकावर बसून टाळ्या वाजवतो. चषक पेठेत येतो, मिरवणूक निघते, आणि तो पोरगा पुढच्या वर्षी बचावपटू म्हणून नाव नोंदवतो, कारण तिथे तरी जागा मिळते.

छेत्रीने २००५ मध्ये क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध पदार्पणात गोल केला, तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि त्याच्या पुढे त्या काळचा मुख्य स्ट्रायकर बायचुंग भुतिया होता. २०११ च्या आशिया चषकात भुतिया दुखापतीने जवळपास पूर्ण स्पर्धा बाहेर बसला, तेव्हा बहरीन आणि दक्षिण कोरियाविरुद्ध गोल करणारा छेत्री तयार होता, कारण तोवर सहा वर्षे त्याला खेळवले गेले होते. छेत्रीच्या मागे असे कोणाला उभे केले? त्याच्या शेवटच्या पाच-सहा वर्षांत एखाद्या पोराला त्याच्या जोडीने सलग वीस सामने दिले असते, तर मार्च २०२५ चा तो फोन करावाच लागला नसता.

छेत्रीला माझे एकच सांगणे आहे, आणि ते प्रेमापोटी आहे: क्लबकडून जोवर मजा येते तोवर खेळत राहा, पण महासंघाचा तिसरा फोन आला तर उचलू नका. त्याऐवजी सोळा-सतरा वर्षांच्या स्ट्रायकरांचे शिबिर मागून घ्या. लांबच्या खांबाशी उडी कधी घ्यायची, हे तुमच्याइतके या देशात कोणाला ठाऊक आहे?

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणी आहे. आयएसएलच्या प्रत्येक फेरीनंतर आपल्या क्रीडा पानावर निकाल आणि गुणतक्ता येतोच. त्याखाली एक छोटी चौकट द्यावी: या फेरीत कोणकोणते भारतीय खेळाडू मध्यभागी स्ट्रायकर म्हणून उतरले, किती मिनिटे खेळले, आणि त्यांतला एकवीस वर्षांखालचा कोण. पहिल्या काही आठवड्यांत ती चौकट बहुधा रिकामी राहील. तशी रिकामीच छापावी.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर